मलेशियातले सत्तर टक्के ‘भूमिपुत्र’ आले कुठून?

२०२० च्या जनगणनेत मलेशियाची लोकसंख्या ३ कोटी २४ लाख भरली. त्यातल्या नागरिकांपैकी ६९.४ टक्के ‘बुमिपुतेरा’ (म्हणजे भूमिपुत्र), २३.२ टक्के चिनी, ६.७ टक्के भारतीय आणि ०.७ टक्के इतर. बातम्यांत हे आकडे आले की ‘मलय सत्तर टक्के’ असं सर्रास लिहिलं जातं. ते दोन कारणांनी चूक आहे. हे टक्के फक्त नागरिकांचे आहेत. देशात राहणारे सुमारे २७ लाख परकीय या हिशेबातच नाहीत. आणि बुमिपुतेरा म्हणजे मलय नव्हे. दर पाच-सहा बुमिपुतेरांमागे एक जण मलय नसतो. तो बोर्निओ बेटावरच्या मूळ जमातींपैकी असतो : इबान, कादाझान-दुसुन, बिदायुह किंवा मुरुत, आणि पुष्कळदा ख्रिस्ती असतो.

शब्द आपल्याच ओळखीचा आहे. भूमीचं ‘बुमी’ झालं, पुत्राचं ‘पुतेरा’. वंशाचं ‘बांग्सा’ झालं, आणि ‘अगामा’ म्हणजे धर्म, हा आपला आगम. तिथल्या सरकारी अर्जावर ‘बांग्सा’पुढे वर्षानुवर्षं चार चौकटी असायच्या : मेलायू, चिना, इंडिया, लाईन-लाईन. शेवटच्या शब्दाचा अर्थ ‘इतर’. बोर्निओतल्या लाँगहाउसमध्ये पिढ्यानपिढ्या राहिलेल्या इबान माणसाने आपल्याच मुलखात ‘इतर’वर खूण करायची आणि तरी सरकारदरबारी भूमिपुत्र म्हणून मोजलं जायचं, असा तो प्रकार. सारावाकमध्ये (साबा आणि सारावाक ही मलेशियाची बोर्निओ बेटावरची दोन राज्यं) या ‘लाईन-लाईन’बद्दलचा राग जुना आहे.

गंमत म्हणजे ‘बुमिपुतेरा’ हा शब्द मलेशियाच्या राज्यघटनेत नाही. कलम १५३ ‘मलय’ आणि ‘साबा व सारावाकचे मूलनिवासी’ यांच्या विशेष स्थानाबद्दल बोलतं. मलय कोण, ते कलम १६० सांगतं : जो इस्लाम धर्म पाळतो, नेहमी मलय भाषा बोलतो आणि मलय रीतिरिवाजांप्रमाणे वागतो. जोडीला जन्म किंवा वास्तव्याची अट आहे, पण रक्ताची नाही. म्हणून आजोबा जावाहून आलेले, पणजोबा सुमात्राचे मिनांगकाबाऊ, आजी बुगिस, असं कुटुंब एका पिढीत बिनदिक्कत मलय होतं. बाहेरच्या माणसाने धर्मांतर केलं की लोक म्हणतात ‘मासुक मेलायू’, म्हणजे मलय समाजात शिरला. उलट दिशेची वाट मात्र जवळपास बंद आहे. या व्याख्येचा पाया इंग्रजांनीच घातला होता. १९१३ च्या मलय राखीव जमिनींच्या कायद्यात भाषा आणि धर्म या दोन्ही अटी आहेत, फक्त तिथे ‘मलय वंशापैकी’ असण्याचीही अट होती. घटनेने ती गाळली आणि कुंपण रुंद केलं.

सारावाकच्या मूलनिवाशांची व्याख्या याच्या बरोबर उलटी. कलम १६१-अ मध्ये जमातींची यादी होती आणि मिश्र रक्ताचा माणूस ‘केवळ याच जमातींपासून’ जन्मलेला हवा, अशी अट होती. आई चिनी असेल तर मूल बाद. २००९ मध्ये इबान वडील आणि चिनी आई असलेल्या एका हुशार मुलीला सरकारी पूर्वपदवी अभ्यासक्रमाचा प्रवेश याच कारणाने नाकारला गेला. ओरड झाल्यावर सरकार नमलं, पण अट तशीच राहिली. शेजारच्या साबामध्ये आईवडील किंवा आजीआजोबांपैकी एक जण मूलनिवासी असला तरी पुरतं. म्हणजे एकाच बेटावर, एकाच देशात, एकाच तऱ्हेच्या जोडप्याचं मूल सीमेच्या अलीकडे भूमिपुत्र आणि पलीकडे नाही, असं तेव्हा होतं. घटनादुरुस्ती होऊन व्याख्या ठरवण्याचा अधिकार सारावाकच्या विधानसभेकडे आला तो २०२२ मध्ये, आणि तिने लगेच ‘केवळ’ची अट काढून टाकली.

आणि ज्यांच्या नावातच ‘मूळचे लोक’ असा अर्थ आहे, ते मलय द्वीपकल्पातले आदिवासी ओरांग अस्ली? कलम १५३ मध्ये त्यांचा उल्लेखच नाही. कारभाराच्या सोयीसाठी त्यांना बुमिपुतेरा धरतात, इतकंच. मलाक्कातल्या क्रिस्तांग समाजाची गत आणखी मजेशीर. पोर्तुगीजांनी गोवा पक्कं ताब्यात घेतलं आणि वर्षाच्या आत, १५११ मध्ये, मलाक्का जिंकलं. हे त्या काळापासूनचे मिश्र वंशाचे कॅथलिक. त्यांना बुमिपुतेरांसाठीच्या सरकारी युनिट ट्रस्टमध्ये पैसे गुंतवायची मुभा मिळाली, दर्जा काही मिळाला नाही. बचतीपुरते भूमिपुत्र म्हणायचं.

हा शब्द राजकारणात रुळला तो १९६० च्या दशकात. १९६५ मध्ये या नावाची आर्थिक परिषद भरली आणि त्याच वर्षी या नावाची बँकही निघाली. मुंबईत भूमिपुत्रांच्या हक्काचं राजकारण उभं राहिलं तेही साधारण त्याच सुमारास. पण आपल्याकडे तो शब्द मोर्च्यात आणि पाट्यांवर राहिला. तिथे तो खरेदीखतात गेला. क्वालालंपूरच्या उपनगरात नवी इमारत उभी राहते तेव्हा तिच्यातली ठरावीक घरं ‘बुमी लॉट’ असतात आणि त्यांच्या किमतीत राज्याप्रमाणे पाच ते पंधरा टक्के सूट असते. शेजारीशेजारी दोन फ्लॅट, नकाशा एकच, किंमत दोन. ‘बुमी लॉट’ विकायचा तर गिऱ्हाईकही सहसा बुमीच लागतं, नाहीतर सरकारी परवानगीसाठी खेटे घाला.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १९ व्या शतकात द्वीपकल्पावरच्या पेराक राज्यातल्या कथील खाणींवर चिनी मजूर आले, पुढे रबराच्या मळ्यांवर ‘कंगाणी’ मुकादमांनी तमिळ मजूर आणले. १८९१ च्या जनगणनेत ‘तमिळ आणि हिंदुस्थानचे इतर रहिवासी’ असा एक रकाना होता. ‘चिनी, मलय, भारतीय’ ही आजची तीन खोकी त्याच काळात तयार झाली. मंदीच्या काळात, १९३० पासून, चिनी पुरुषांच्या येण्यावर कोटा लागला, पण बायकांना तो १९३८ पर्यंत नव्हता. याचा परिणाम कुणाच्या हिशेबात नसावा इतका मोठा झाला. १९११ मध्ये दर हजार चिनी पुरुषांमागे चिनी बायका जेमतेम अडीचशे होत्या; १९४७ पर्यंत त्या आठशेच्या पुढे गेल्या. पैसे कमवून परत जाणारा मजूर संसार थाटून बसला. १९४७ च्या गणनेत सिंगापूर धरून पाहिलं तर मलायात (आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पावरचा भाग) चिनी मलयांपेक्षा थोडे जास्तच निघाले. तिथल्या राजकारणात ‘आपण आपल्याच देशात अल्पसंख्य होऊ’ ही जी भीती आजही जागी केली जाते, तिच्यामागे हा आकडा आहे.

१९५७ मध्ये स्वातंत्र्याच्या वेळी, सिंगापूर वगळून, मलय ४९.८ टक्के, चिनी ३७ आणि भारतीय ११. घटना लिहिणाऱ्या पाच जणांच्या आयोगात अलाहाबाद उच्च न्यायालयाचे एक माजी मुख्य न्यायमूर्तीही होते. आयोगाने मलयांच्या विशेष सवलती ठेवल्या, पण १५ वर्षांनी त्यांचा फेरविचार व्हावा असं सुचवलं. अंतिम घटनेत ही मुदत गाळली गेली. बदल्यात बिगरमलयांना नागरिकत्व सहज मिळालं, हा सौदा दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना मान्य होता, असं नेहमी सांगितलं जातं. तेव्हा होताही. पण त्यातली एक बाजू तारखेशिवाय लिहिली गेली आणि दुसरी एकदाच वापरून संपली. पुढच्या पन्नास वर्षांतली अर्धी भांडणं या एका गाळलेल्या वाक्याभोवती फिरतात, आणि माझ्या मते ते गाळणं ही चूक होती.

१९६३ मध्ये मलेशिया हा संघ बनला आणि सिंगापूर त्याच्या आत आलं. तिथे पाऊणशे टक्के चिनी. तराजू कलू नये म्हणून साबा आणि सारावाक सोबत हवे होते, हे तेव्हाच्या चर्चांतून लपत नाही. १९६५ मध्ये सिंगापूर बाहेर पडलं, बोर्निओची दोन राज्यं राहिली. आणि बेरजेत एक नवा गट उरला, ज्याला मलय म्हणता येत नव्हतं आणि ज्याच्याशिवाय बहुमत भक्कम होत नव्हतं. ‘बुमिपुतेरा’ हा शब्द इतका उपयोगी पडला तो इथे. मे १९६९ च्या मलय-चिनी दंगलींनंतर १९७१ मध्ये नवं आर्थिक धोरण आलं. कंपन्यांच्या भांडवलात बुमिपुतेरांचा वाटा २.४ टक्के होता, तो १९९० पर्यंत ३० टक्के करायचं ठरलं. आता रकान्याला रोख किंमत आली. याच काळातला बोलीभाषेतला शब्द ‘अली-बाबा’ : परवान्यावर नाव मलय अलीचं, धंदा चिनी बाबाचा.

याच देशात १९६६ मध्ये कुटुंबनियोजनासाठी कायदा करून मंडळ स्थापन झालं होतं. १९७० च्या सुमारास तिन्ही गटांत बाईमागे सरासरी साडेचार-पाच मुलं होती आणि ती कमी व्हावीत हे सरकारचं उघड धोरण होतं. मग १९८२ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधानांनी पक्षाच्या अधिवेशनात सांगितलं की देशाला सात कोटी माणसं हवीत. लोकसंख्या तेव्हा दीड कोटीही नव्हती. १९८४ मध्ये ते अधिकृत धोरण झालं, मुदत साधारण २१०० सालापर्यंतची. कुटुंबनियोजन मंडळाच्या नावात ‘लोकसंख्या आणि कुटुंबविकास’ आलं. ज्यांना परवडतं त्यांनी पाच मुलं होऊ द्यावीत, असा प्रचार झाला. प्राप्तिकरातली सूट आणि बाळंतपणाच्या सवलती पाचव्या मुलापर्यंत वाढल्या.

कारण दिलं गेलं ते बाजारपेठेचं. देशी मोटारगाडी निघणार होती (१९८५ मध्ये निघालीही), पोलाद आणि सिमेंटचे कारखाने उभे राहत होते, आणि एवढ्या मालाला देशातच गिऱ्हाईक हवं होतं. आपल्याकडे ‘हम दो, हमारे दो’चे लाल त्रिकोण भिंतींवर रंगलेले असताना शेजारच्या समुद्रापलीकडे हे चाललं होतं. बिगरमलय संशयाने म्हणत होते की ही हाक सगळ्यांना दिलेली असली तरी ऐकणार कोण हे ठाऊक होतं. या संशयाला कागदोपत्री पुरावा नाही. परिणाम मात्र तोच झाला. शहरातल्या चिनी जोडप्यांनी सवलतींकडे पाहिलंही नाही. मलय घरांत मुलं कमी होण्याचा वेग काही वर्षं मंदावला.

आकड्यांची खरी उलथापालथ झाली साबामध्ये. १९६० मध्ये तिथे साडेचार लाख माणसं होती; २०१० मध्ये ३२ लाख. पन्नास वर्षांत सातपट. त्याच काळात सारावाक सव्वातीन पटीवर थांबलं. बाळंतपणांनी हे होत नाही. १९७० च्या दशकात दक्षिण फिलिपिन्समधल्या मिंदानाओच्या युद्धातून पळालेले निर्वासित आले, तेलताडाच्या मळ्यांवर इंडोनेशियन मजूर आले. २०१० च्या गणनेत राज्यातली चौथ्या हिश्शाहून अधिक माणसं परकीय होती. कादाझान-दुसुन १९६० मध्ये जवळपास एक-तृतीयांश होते, ते १८ टक्क्यांच्या आसपास आले.

आणि १९८० ची जनगणना. साबामध्ये त्या वर्षी कादाझान, मुरुत, बाजाऊ, मलय, शिवाय इंडोनेशियन आणि फिलिपिनो वंशाचे लोकही ‘प्रिबुमी’ (मूळचे रहिवासी) नावाच्या एकाच रकान्यात टाकले गेले. कोण किती वाढलं हे एका दशकापुरतं दिसेनासं झालं. १९९१ मध्ये रकाने पुन्हा वेगळे केले तोवर चित्र पालटलं होतं. परक्यांना ओळखपत्रं वाटून मतदार केल्याच्या आरोपावर चौकशी आयोग नेमला गेला २०१२ मध्ये. डिसेंबर २०१४ च्या अहवालाने टोळ्या आणि लाचखोर अधिकाऱ्यांवर बोट ठेवलं. वरून आदेश होता हा आरोप सिद्ध झाल्याचं काही म्हटलं नाही. साबाची राजधानी कोता किनाबालूमध्ये हा विषय काढला की लोक अजून आवाज खाली करतात म्हणे.

सात कोटींचं आता कुणी नाव घेत नाही. २०२२ मध्ये देशाचा एकूण प्रजनन दर १.६ वर आला. त्यात मलय बायकांचा २.१, भारतीयांचा १.१ आणि चिनी बायकांचा ०.८. त्यात देश सोडून जाणाऱ्यांची भर. २०११ च्या एका आंतरराष्ट्रीय अहवालाने परदेशी गेलेल्या मलेशियनांचा आकडा दहा लाखांच्या आसपास धरला होता, निम्म्याहून जास्त सिंगापुरात आणि बहुतेक चिनी. त्यामुळे चिनी टक्का घसरतोय तो कुणाच्या धोरणाने नव्हे, घरातल्या पाळण्याने आणि विमानतळाने. तरी निवडणूक आली की १९४७ चा आकडा कुणीतरी बाहेर काढतंच.

१९५० च्या दशकात कम्युनिस्टांशी लढताना इंग्रजांनी सुमारे पाच लाख लोकांना, बहुतेक चिनी, तारेच्या कुंपणाआडच्या ‘नव्या गावां’त हलवलं होतं. त्यांतली पुष्कळ गावं आजही आहेत, तिथल्या मंडारिन माध्यमाच्या प्राथमिक शाळाही आहेत. अनेक शाळांत तीसहून कमी मुलं उरली आहेत. देशभरातल्या अशा शाळांत पाचात एकाच्या आसपास मूल आता चिनी घरातलं नाही. त्यात मलय मुलं सगळ्यात जास्त. मंडारिन आली तर पुढे नोकरीला बरं पडेल म्हणून आईबाप मुलांना या शाळांत घालतात, आणि काही गावांत शाळेचं कुलूप त्यांच्यामुळेच लांबलं आहे.