पीपीटी (अवक्षेप) पाडणं म्हणजे रिक्रिस्टलायझेशन नव्हे

टीवायच्या (बीएस्सी तिसऱ्या वर्षाच्या) जर्नलात 'एचसीएल टाकून बेन्झोइक ॲसिड रिक्रिस्टलाइज केलं' असं वाक्य वाचलं की डोकं फिरतं. दरवर्षी, प्रत्येक बॅचमध्ये. एचसीएल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, टाकून एकदम खाली बसतो तो पीपीटी; रिक्रिस्टलायझेशन म्हणजे पदार्थ गरम पाण्यात विरघळवून, हळूहळू गार करून त्याचे स्फटिक परत वाढवणं. दोन्हीकडे द्रावणातून पांढरं काहीतरी खाली बसतं, एवढ्यावरून दोन्ही एकच कसं होईल?

पीपीटी तुम्हाला अकरावीपासून माहितीये, त्यामुळे लांबण लावत नाही. बायकार्बमध्ये (सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात) मिश्रणातलं ॲसिड विरघळवलं, गाळलं, फिल्ट्रेटमध्ये, म्हणजे गाळून खाली आलेल्या द्रावणात, एचसीएल टाकला, लिटमस लाल झाला, पीपीटी पडला. हे झालं सेपरेशन. प्युरिफिकेशन अजून व्हायचंय.

खरी गोची आहे वेगाची. एचसीएल टाकला की विद्राव्यता एका क्षणात कोसळते, सगळे रेणू एकदमच बाहेर पडायला बघतात आणि त्या गर्दीत अशुद्धी, मीठ, पाणी जे मधे येईल ते गोळ्यात अडकतं. स्फटिक हळू वाढतो तेव्हा प्रत्येक रेणू पृष्ठभागावर बसतो, नीट नाही बसला तर सुटून परत द्रावणात जातो, म्हणून परका रेणू सहसा टिकत नाही, मदर लिकरमध्येच, म्हणजे स्फटिकांभोवती उरलेल्या द्रावणातच, राहतो. शुद्धी होते ती या बसण्या-सुटण्यातून, आणि त्याला वेळ लागतो. आपल्या नाशिकच्या पंचवटीत प्रसादाच्या दुकानात खडीसाखर मिळते ना, तिचा खडा असाच सावकाश वाढवलेला असतो.

म्हणूनच उकळतं कोनिकल (शंकूच्या आकाराचा चंबू) थेट बर्फात बुडवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. गरम पाण्यात विरघळवलं, रंग आणि अशुद्धी शोषून घ्यायला चारकोल टाकला, गरम असतानाच गाळलं, एवढी मेहनत केली आणि शेवटी पीपीटीच पाडला. कोनिकल झाकून टेबलावर ठेवा, हात लावू नका, रूम टेंपरेचरला आलं की मग बर्फ. स्फटिक येतच नसतील तर काचेच्या रॉडने आतून घासा. जानेवारीत सकाळच्या बॅचला गाळतानाच फनेलमध्ये स्फटिक धरतात, तेव्हा फनेल आधी तापवून घ्या.

पाणी किती? कमीत कमी. बेन्झोइक ॲसिड २५ अंशाला लिटरमध्ये ३.४ ग्रॅमच विरघळतं, उकळत्या पाण्यात ५० ग्रॅमच्या वर. म्हणजे २ ग्रॅमला ५० मिली पुरतं आणि गार झाल्यावर ०.१७ ग्रॅमच पाण्यात राहतं, पण तुम्ही २०० मिली ओतलं तर ०.६८ ग्रॅम, एक तृतीयांश माल, सिंकमध्ये जातो, आणि मग यील्ड (हाती आलेला माल) कमी का आलं म्हणून सगळे विचारत फिरतात.

दिसायला सुया वेगळ्या, पावडर वेगळी, बुकनरवर (व्हॅक्यूमने गाळायच्या फनेलवर) सुया पटकन गाळल्या जातात, पावडर चिखलासारखी बसते. सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या फार्मा प्लांटमध्ये काम करायचं असेल तर हे लक्षात ठेवा, बारीक पीपीटीने फिल्टर चोक होतो.

तपासायचं मेल्टिंग पॉइंटने. नीट वाळवलेले शुद्ध स्फटिक १२२ ला एखाद्या अंशातच वितळतात, घाईचा माल आधीच मऊ पडतो आणि पाच-सहा अंश रेंगाळतो. आणि 'नाशिक उंचावर आहे म्हणून कमी आला' हे व्हायवात (तोंडी परीक्षेत) सांगू नका. आपण साधारण ६०० मीटरवर आहोत, त्यामुळे पाणी ९८ च्या आसपास उकळतं हे खरं, पण मेल्टिंग पॉइंटला त्या उंचीने काही फरक पडत नाही. रेंज मोठी आली तर रीडिंग १२२ करू नका, उरलेला माल परत थोड्याशा उकळत्या पाण्यात टाका आणि या वेळी कोनिकल टेबलावरच राहू द्या.