ठाणे उणे यवतमाळ

सर्वेक्षणांच्या अहवालात मागच्या पानांवर सहगुणकांचा, म्हणजे कुठल्या गोष्टीने उत्तर किती बदलतं ते सांगणाऱ्या आकड्यांचा, तक्ता असतो आणि त्याखाली बारीक अक्षरात 'संदर्भ गट: अमुक' अशी ओळ. हा गट मॉडेलमधून वगळला, म्हणजे त्याचा परिणाम शून्य निघाला असणार, हा समज चांगला पक्का बसलेला आहे. 'आमचाच जिल्हा का काढला?' असं विचारणारेही भेटतात. तो जिल्हा काढलेला नसतो. तक्त्यातला प्रत्येक आकडा त्याच्यापासूनच मोजलेला असतो. असं का करावं लागतं, यामागचं गणित मला फार आवडतं, म्हणून हा लेख.

शाळेतल्या सरळ रेषेच्या समीकरणाचा विस्तार म्हणजे रिग्रेशन. कुटुंबाचा खर्च उत्पन्नावर किती अवलंबून, माणसांच्या संख्येवर किती, हे ते एकाच वेळी वेगळं काढतं. पण 'गाव की शहर' हा आकडा नव्हे. मग त्याचे रकाने करायचे: गावातलं कुटुंब असेल तर 'गाव' रकान्यात १, नाहीतर ०. 'शहर' रकान्याचंही तसंच. असल्या रकान्यांना डमी म्हणतात.

समजा, गावातल्या कुटुंबाचा सरासरी मासिक खर्च १०,००० रुपये आणि शहरातल्याचा १६,००० (आकडे सोयीसाठी घेतलेत). आपलं समीकरण असं: खर्च = स्थिरांक + गावाचा सहगुणक किंवा शहराचा सहगुणक. आता स्थिरांक ०, गाव १०,०००, शहर १६,००० हे उत्तर बरोबर आहे. स्थिरांक १६,०००, गाव उणे ६,०००, शहर ० हेही बरोबर. स्थिरांक एक कोटी धरून दोन्ही सहगुणक तेवढे खाली ओढले तरी बरोबरच. स्थिरांकात काहीही मिळवा, तेच दोन्ही डमींतून वजा करा, भाकीत तसूभर हलत नाही. स्थिरांक म्हणजेही खरं तर एक रकानाच, सगळ्या ओळींत १ असलेला. आणि गाव अधिक शहर यांची बेरीजही प्रत्येक ओळीत १. तीन रकाने दिसतात, पण माहिती दोघांचीच. यालाच परिपूर्ण समरेषता म्हणतात. दुसरं समीकरण पहिल्याची दुप्पट असेल तर दोन अज्ञातं सुटत नाहीत, हे नववी-दहावीत शिकतो, तेच इथे घडतं: समीकरणांतल्या आकड्यांच्या चौकटीचा, म्हणजे मॅट्रिक्सचा, निश्चयक शून्य होतो आणि अनंत उत्तरं समोर येतात. म्हणूनच एका गटाचा डमी गाळून त्याला संदर्भ गट धरतात.

गंमत पुढे आहे. हीच माहिती तिन्ही रकान्यांसकट वेगवेगळ्या सॉफ्टवेअरला देऊन बघा. आर ही भाषा डावीकडून रकाने घेत जाते आणि आधीच्यांतून तयार होणारा रकाना बाजूला टाकते: स्थिरांक १६,०००, गाव उणे ६,०००, शहरापुढे 'एनए', म्हणजे 'उपलब्ध नाही'. पायथनमधलं सायकिट-लर्न कसलीही सूचना न देता स्थिरांक १३,०००, गाव उणे ३,०००, शहर अधिक ३,००० सांगतं. पायथनमधलंच स्टॅट्समॉडेल्स ८,६६७, १,३३३ आणि ७,३३३ छापतं, आणि मॅट्रिक्समध्ये गडबड असू शकते अशी एक टीप तक्त्याच्या तळाशी देतं. चूक कोणाचीच नाही. अनंत उत्तरांपैकी कुठलं उचलायचं याचा प्रत्येकाचा नियम वेगळा. शेवटच्या दोघांचा नियम असा की, सहगुणकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान असेल ते उत्तर घ्यायचं. फक्त सायकिट-लर्न स्थिरांक आधी बाजूला काढतं, म्हणून त्याच्या डमींची बेरीज शून्य येते, तर स्टॅट्समॉडेल्स स्थिरांकालाही त्याच तराजूत घालतं. या नियमामागचा, निश्चयक शून्य असतानाही चालणारा मॅट्रिक्सचा व्यस्त ई. एच. मूर यांनी १९२० मध्ये मांडला आणि रॉजर पेनरोज यांनी १९५५ मध्ये पुन्हा स्वतंत्रपणे. होय, कृष्णविवरांवरच्या कामासाठी २०२० चं नोबेल मिळालेले तेच पेनरोज.

आता तिन्ही उत्तरांत शहरातून गाव वजा करा. तिन्हीकडे ६,०००. म्हणजे सुटे सहगुणक ठरत नसले तरी त्यांच्यातला फरक ठरतो. कुठलं संयोजन आकडेवारीतून काढता येतं आणि कुठलं कितीही माहिती गोळा केली तरी येत नाही, याची नेमकी कसोटी संख्याशास्त्रज्ञ राजचंद्र बोस यांनी १९४४ मध्ये दिली. पुढे १९५९ मध्ये याच बोस यांनी आपले शरच्चंद्र श्रीखंडे आणि अमेरिकेतले पार्कर यांच्यासह गणिती ऑयलरचं लॅटिन चौरसांविषयीचं पावणेदोनशे वर्षांचं अनुमान खोटं पाडलं. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होते. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही.

दोन डमींचं कोडं कोणालाही दिसतं. खरा घोळ होतो तो एका वर्गवारीच्या पोटात दुसरी असते तेव्हा. महाराष्ट्रात ६ महसूल विभाग आणि ३६ जिल्हे. कोणी तरी 'विभागाचाही परिणाम बघू, जिल्ह्याचाही' म्हणून दोन्ही घालतं. स्थिरांक, ६ आणि ३६ मिळून ४३ रकाने, पण स्वतंत्र माहिती ३६ रकान्यांचीच, कारण जिल्हा कळला की विभाग कळलाच. सात रकाने गळणार. कुठले, ते क्रम ठरवतो.

आरमध्ये आधी विभाग आणि मग जिल्हा लिहिला, नावं इंग्रजी स्पेलिंगने असली, तर वर्णानुक्रमात पहिला म्हणून अमरावती विभाग आणि अहिल्यानगर जिल्हा संदर्भ म्हणून आधीच बाजूला होतात. मग अहिल्यानगर ज्या नाशिक विभागात आहे तो सोडून उरलेल्या पाच विभागांतला शेवटचा जिल्हा गळतो: यवतमाळ, ठाणे, वर्धा, सोलापूर, परभणी. तक्त्यात 'कोकण विभाग' या नावापुढे छान आकडा येतो. अहवालात वाक्य येतं की कोकण अमरावतीपेक्षा इतक्याने पुढे. तो आकडा असतो ठाणे उणे यवतमाळ. रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. क्रम उलटा करून जिल्हा आधी लिहिला की पाचही विभागांपुढे 'एनए', आणि मग 'विभागाचा परिणामच नाही' असा निष्कर्ष काढायला माणसं मोकळी.

विभागांची तुलना हवी असेल तर जिल्ह्यांचे डमी काढून टाकावेत, किंवा जिल्हे ठेवून त्यांच्या सहगुणकांची विभागवार सरासरी काढावी, लोकसंख्येचं वजन देऊन. विभागांमधला फरक आणि त्यातल्या जिल्ह्यांमधली तफावत दोन्ही हवं असेल तर बहुस्तरीय मॉडेल असतं. ते जिल्ह्यांचे परिणाम एका वितरणातून आलेत असं गृहीत धरतं. गृहीतकाची किंमत देऊन उत्तर मिळतं, फुकट नाही.

एकच माहिती अनेक नावांनी घालण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. पत्रिका जुळवताना आठ कूटं बघतात, एकूण ३६ गुण. गण, नाडी, योनी आणि तारा नक्षत्रावरून. वर्ण, वश्य, ग्रहमैत्री आणि राशिकूट राशीवरून. नक्षत्र आणि रास दोन्ही ठरतात जन्मवेळी चंद्र कुठे होता यावरून. आठ साक्षीदार उभे केल्यासारखं वाटतं, पण २७ नक्षत्रांचे डमी असलेल्या मॉडेलमध्ये गण आणि नाडीचे रकाने घातले तर सगळ्यांपुढे 'एनए' येईल. तरीही 'आठपैकी सहा कूटं जुळली' हे मोठ्या गांभीर्याने सांगितलं जातं.

बिघाड शोधताना आधी कुठला रकाना गळला ते बघावं, मग तो कोणाच्या बेरजेतून तयार होतो ते. कारण बरेचदा भूगोलात सापडतं. जिल्हा आणि ग्रामीण-शहरी यांचा गुणाकार घेतला की मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या जिल्ह्यांचे 'ग्रामीण' रकाने पूर्ण शून्य येतात, कारण २०११ च्या जनगणनेत तिथे ग्रामीण लोकसंख्या नाहीच. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या ओळी त्यानंतरच्याच असतील तर 'पालघर' आणि 'पालघर गुणिले २०१४ नंतर' हे दोन रकाने अक्षरशः एक होतात. अशा ठिकाणी जुना ठाणे जिल्हा अखंड धरून हिशेब करणं बरं.

'एनए' न दिसणारा बिघाड मात्र जास्त त्रासदायक. जमिनीच्या वापराचे टक्के घ्या: पिकाखाली, वनाखाली, पडीक, इतर. बेरीज १००, म्हणजे स्थिरांकाशी पूर्ण समरेष. पण प्रत्येक टक्का एका दशांश स्थळापर्यंत छापलेला असला की कुठे ९९.९ होतात, कुठे १००.१. सॉफ्टवेअरला वाटतं चारही रकाने स्वतंत्र आहेत. ते तक्रार न करता चारही सहगुणक छापतं, आणि ते चारही उभे असतात फक्त त्या छापताना झालेल्या पूर्णांकनावर. प्रमाण त्रुटी, म्हणजे सहगुणक किती डळमळीत आहे त्याचं माप, अवाढव्य दिसली तर ओळखू येतं, पण त्यासाठी तक्त्यातला तो रकाना वाचावा लागतो.