फोटो स्पर्धा आणि फोटोग्राफी अभ्यासक्रमाचे अर्ज बाद का होतात: पात्रता, कागदपत्रं आणि मूळ फाइल

फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलांचे अर्ज तपासून द्यायला बसलं की माझा पहिला प्रश्न असतो, "मूळ फाइल कुठे आहे?" उत्तरं ठरलेली. कार्ड भरलं म्हणून पुसलं. फोनवर एडिट केला आणि त्याच फोटोवर सेव्ह केला. मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत तेवढी उरली आहे. फोटो सुरेख असतो, पण अर्ज तिथेच अडतो. विद्यार्थी गटाची स्पर्धा असो की पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक फोटोंचा संच, मागणारा अभ्यासक्रम, सगळ्यात जास्त घोळ याच एका गोष्टीपाशी होतो, म्हणून तिच्याबद्दलच सविस्तर लिहितो आहे.

आधी पात्रता. वयाची अट वाचताना आकडा सगळे बघतात, तारीख कुणी बघत नाही. वय अर्जाच्या शेवटच्या दिवशी मोजणार, वर्षाच्या १ जानेवारीला, की फोटो काढला त्या दिवशी? हे नियमांच्या आत कुठेतरी एका ओळीत लिहिलेलं असतं. "१८ वर्षांखालील" आणि "१८ वर्षांपर्यंत" यांतही फरक आहे. १८ पूर्ण झालेला मुलगा पहिल्या गटात बसत नाही, दुसऱ्यात बसू शकतो. विद्यार्थी असल्याचा पुरावा म्हणून सगळे ओळखपत्राचा फोटो जोडतात. पण ओळखपत्रावर चालू वर्ष नसेल तर ते परत येतं. संस्थेकडून चालू वर्षाचा दाखला घ्या, आणि तो महिनाभर आधी मागा. एका कागदावर सही व्हायला किती दिवस जातात हे मी पाहिलं आहे, आणि त्याची शिक्षा दर वेळी मुलांनाच होते.

आता मूळ फाइल. अर्ज करताना फक्त जेपीईजी द्यायची असते, त्यामुळे कुणाला काळजी वाटत नाही. निवड होत आली की ईमेल येतो: काही दिवसांत रॉ फाइल पाठवा. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, बहुतेक कॅमेऱ्यांत १२ किंवा १४ बिटची (बिट जास्त तितक्या छटा जास्त). जेपीईजी ८ बिटची असते आणि कॅमेऱ्याने आपल्या मनाने आधीच रंग, धार, कॉन्ट्रास्ट लावून ती तयार केलेली असते. परीक्षकांना दोन्ही शेजारी ठेवून बघायचं असतं की एडिटिंगमध्ये नेमकं काय बदललं. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या आधीच्या फेरीत पोचलेले सुमारे २० टक्के फोटो याच तपासणीत बाद झाले होते. तिथे तर व्यावसायिक छायाचित्रकार होते.

तेव्हा आजच कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन "रॉ अधिक जेपीईजी" निवडा. लाइटरूमसारखं सॉफ्टवेअर रॉ फाइलमधल्या चित्राला हात लावत नाही, बदल वेगळे नोंदवतं, त्यामुळे एडिट करूनही मूळ तसंच राहतं. बऱ्याच फोनमध्ये डीएनजी स्वरूपात रॉ काढता येतं. तुमच्या फोनमध्ये ती सोय नसेल तर मूळ जेपीईजी न बदलता ठेवा आणि तिच्या प्रतीवर काम करा. शिवाय त्याच क्षणाच्या आधीच्या-नंतरच्या फ्रेमही पुसू नका. रॉ नसेल तर काही आयोजक ती सलग मालिका पुरावा म्हणून स्वीकारतात. "सारखेच दहा फोटो कशाला ठेवू?" असं मुलं विचारतात. तर याच्यासाठी.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रत मूळ म्हणून चालत नाही. त्यात पिक्सेल कमी होतात आणि एक्झिफ माहिती, म्हणजे तारीख, शटर, ॲपर्चर, आयएसओ, कॅमेऱ्याचं नाव, निघून जाते. फाइल द्यायची तर डॉक्युमेंट म्हणून द्या. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. बॅटरी बराच काळ काढून ठेवली की ते मूळ तारखेवर परत जातं. मग गेल्या महिन्यात काढलेल्या फोटोवर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख पडते, आणि "गेल्या वर्षभरातलेच फोटो" या अटीत तो बसत नाही. ही तारीख नंतर सॉफ्टवेअरमधून बदलू नका. चूक झाली असेल तर अर्जासोबत तसं लिहून कळवा.

एडिटिंगची हद्द प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. क्रॉप (कडा कापणं), एक्स्पोजर (उजेड कमी-जास्त करणं), व्हाइट बॅलन्स (रंगाचा कल सुधारणं), सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढणं हे साधारणपणे चालतं. चौकटीतली वस्तू काढणं किंवा नवी आणणं हे वृत्त आणि निसर्ग विभागात चालत नाही, मग ती कोपऱ्यातली विजेची तार का असेना. फोटोशॉपमध्ये २०२३ पासून जनरेटिव्ह फिल, म्हणजे एआयने चित्रात नवा भाग भरायची सोय, आलं आहे आणि फोनमध्येही नको ते पुसायची सोय आहे. मुलं ती इतक्या सहज वापरतात की आपण नियम मोडतोय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. फोटो खरा असला तरी त्याच्याबद्दलची माहितीही खरी हवी. २००९ च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत पहिला आलेला फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो २०१० मध्ये बाद झाला, कारण तो लांडगा शिकवलेला असण्याची दाट शक्यता आहे असं परीक्षकांचं मत झालं. कॅप्शन लिहिताना हे आठवा.

माणसाचा चेहरा ओळखू येत असेल तर संमतीपत्र मागितलं जाऊ शकतं, आणि ती व्यक्ती अल्पवयीन असेल तर पालकांची सही लागते. रस्त्यावर टिपलेल्या अनोळखी माणसाला सहा महिन्यांनी कुठे शोधणार? जिथे शक्य आहे तिथे फोटो काढतानाच विचारा, संपर्क घ्या. स्वतः अर्जदार अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकांचं संमतीपत्र वेगळं. ही दोन निरनिराळी कागदपत्रं आहेत, आणि एक जोडून दुसरं राहिलं असे अर्ज सतत दिसतात.

फाइलची मापं फॉर्ममध्ये दिलेली असतात. "३०० डीपीआय" या शब्दांनी घाबरू नका. तो छपाईत एका इंचात किती ठिपके पडतील याचा आकडा आहे, खरं माप पिक्सेलचं. ३००० × २००० पिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयने १० इंच रुंद छापला जातो. लहान फोटोवर नुसता ३०० लिहिल्याने त्यात तपशील येत नाही. एक्स्पोर्ट करताना रंगव्यवस्था (कलर स्पेस) एसआरजीबी ठेवा. अडोबी आरजीबीमधली फाइल वेबवर फिकी दिसू शकते. आयफोनच्या एचईआयसी फाइलचं नाव बदलून जेपीजी करू नका, ती एक्स्पोर्ट करा. फोटोवर आणि फाइलच्या नावात स्वतःचं नाव नको असं म्हटलं असेल तर वॉटरमार्कही नको.

शेवटची तारीख वाचताना वेळ आणि टाइम झोन दोन्ही बघा. "१५ तारीख, १२:००एएम" म्हणजे मध्यरात्री १४ तारीख संपून १५ सुरू होते तो क्षण. १५ ची संध्याकाळ त्यात नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर ती आपल्या वेळेत बदलून कागदावर लिहून ठेवा. अपलोड दोन दिवस आधी करा, आणि पोचपावतीचा ईमेल आला का ते पाहा. फाइल चढली, पण "सबमिट" दाबलंच नाही, असे अर्ज कायमचे ड्राफ्टमध्ये पडून राहतात आणि आयोजक त्याबद्दल कळवत नाहीत.