स्टिअरिंग कॉलम की स्टिअरिंग बॉक्स? जुन्या ट्रकमधला गोंधळ

जुन्या ट्रकचे ‘स्टिअरिंग बदलायचे आहे’ एवढेच सांगून नाना पेठेत स्पेअर पार्ट शोधायला गेल्यास जाणता दुकानदार आधी विचारतो, वरचे की खालचे? वरचा तो कॉलम, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकापासून खाली येणारा दांडा, त्याभोवतीची नळी आणि बेअरिंग. त्याचे काम हाताचे फिरवणे खाली पोचवण्यापुरतेच असते. खालचा तो बॉक्स, जो चासीला बोल्टने जखडलेला असतो आणि वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दांडा) व सेक्टर (त्यात अडकणारा दातेरी तुकडा) यांच्या साहाय्याने त्या फिरण्याचा जोर वाढवून ड्रॉप आर्म, म्हणजे पुढच्या चाकांकडे जाणारा रॉड ढकलणारा बाहेरचा दांडा, हलवतो.

गोंधळ होतो तो गाडीच्या रचनेमुळे. फार्गो किंवा डॉजच्या काळातल्या बहुतेक ट्रकमध्ये कॉलमचा दांडा आणि बॉक्समधला वर्म एकसंधच असे. त्यामुळे स्टिअरिंगचे चाक सैल झाले की दोष कॉलमच्या माथी मारला जातो आणि भंगारातून दुसरा कॉलम आणला जातो. त्याआधी एक साधी तपासणी करावी: एकाने स्टिअरिंगचे चाक थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली पाहावे. दांडा फिरतो पण ड्रॉप आर्म जागचा हलत नाही, तर बॉक्स झिजला आहे. ड्रॉप आर्मही हलतो पण पुढची चाके हलत नाहीत, तर दोष रॉडच्या बॉल जॉइंटमध्ये आहे. नियमाप्रमाणे स्टिअरिंगच्या चाकावरचा सैलपणा 30 अंशांपेक्षा जास्त नसावा. अठरा इंची चाकाच्या कडेवर हे अंतर जवळपास 12 सेंटिमीटर भरते, आणि माझ्या मते ही मुभा फारच सढळ आहे.

बॉक्सचा सैलपणा काढणारा स्क्रू आवळताना पुढची चाके सरळ ठेवावीत, कारण आतले दात मधोमध मुद्दाम घट्ट बसतील असे कापलेले असतात. चाके वळवून आवळल्यास सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जाम होते.

कॉलम खरोखरच बदलायचा ठरला, तर मूळचा एकसंध दांडा बॉक्सच्या वर कापावा लागतो, आणि पूर्वी नसलेला सांधा तिथे प्रथमच तयार होतो. खरी जोखीम याच सांध्यात आहे. कापलेल्या टोकाला लेथवाल्याकडून नेमका आकार देऊन त्यावर युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनातल्या दोन दांड्यांना जोडून फिरवणारा सांधा, बसवावा. दांड्याला दांडा वेल्डिंगने चिकटवणे मी कोणालाही सुचवणार नाही. एका जॉइंटला साधारण 35 अंशांपर्यंतच वळण झेपते. वळण त्याहून जास्त असेल तर दोन जॉइंट घालून मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांची काट्यासारखी दुभागलेली तोंडे एका रेषेत ठेवावीत, नाहीतर चाक फिरवताना हाताला एकदा हलके, एकदा जड असा लयीतला फरक जाणवतो. तीन जॉइंट झाले की मधल्या दांड्याला आधाराचे बेअरिंग हवेच.

अपघातात आत दबणारा नव्या पद्धतीचा कॉलम घेतल्यास आणखी एक पथ्य आहे. अशा अनेक कॉलममध्ये दांड्याचे दोन भाग प्लास्टिकच्या पिनांनी धरलेले असतात. टोकावर हातोडी मारली की त्या आतल्या आत तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. नळीवर जादा ब्रॅकेट वेल्ड केले, तर ती दबणेच बंद होते.

बसवून झाल्यावर पुढची चाके जॅकवर उचलून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, जॉइंट चासीला किंवा एग्झॉस्टला कुठे घासत नाही ना ते पाहावे आणि मगच ट्रक रस्त्यावर काढावा.