स्मरणातून रस्त्याचे चित्रण : किर्खनरची बर्लिन-चित्रे

रस्त्यावर ईझल न मांडता, पाहिलेला रस्ता आठवून केलेले चित्रण. यात रंग दिसला तसा न लावता जाणवला तसा लावतात. जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकार एर्न्स्ट लूटव्हिख किर्खनर (१८८०–१९३८) याची १९१३ ते १९१५ मधील बर्लिनची रस्ता-चित्रे हे याचे ठळक उदाहरण.

वास्तुकला शिकलेल्या किर्खनरने १९०५ मध्ये ड्रेस्डेनला मित्रांसह ‘ब्रुके’ (पूल) हा गट काढला. त्याच्या ‘रस्ता, ड्रेस्डेन’ (१९०८) या चित्रातला रस्ता चक्क गुलाबी आहे. १९११ मध्ये तो बर्लिनला आला, तेव्हा ही गुलाबी ऊब गेली आणि रेघ टोकदार झाली.

रेखाटनवही मात्र सतत जवळ असे. गर्दीत उभ्याउभ्या तो भराभर रेघा ओढी. परक्याला त्यातून माणूस ओळखणेही कठीण जाई. पुढचे काम स्टुडिओत, आठवणीच्या भरवशावर. आठवणीत दुकानाची पाटी टिकत नाही. टोपीवरचे पीस, बुटाचे टोक, चालण्याची ढब टिकते. चित्रात तेच मोठे होऊन येते.

बर्लिनमधल्या एका चौकाचे नाव असलेला ‘पोट्सडामर प्लाट्झ’ (१९१४) हा दोन मीटर उंच कॅनव्हास पाहा. रस्ता आंबट हिरवा, मागे स्टेशनची लाल इमारत. पुढे वाहतुकीच्या गोल बेटावर दोन वेश्या जवळजवळ पुरुषभर उंचीच्या. एकीच्या तोंडावर विधवेचा काळा जाळीदार पदर. महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते. मागचे काळ्या कोटातले पुरुष कंपासासारखे पाय फाकून चालतात. हिरवा रंग इथे दिव्यांचा उजेड म्हणून खपवता येईल, पण तो अस्वस्थपणाचाच रंग आहे.

आपल्याकडे इलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असे. बाजाराचे दृश्य, आकाश निळे, झाड हिरवे. किर्खनर त्यात बहुधा नापास झाला असता! तरी त्याचा मुंबईशी एक धागा आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या आणि १८९६–९७ मध्ये त्यांचा ग्रंथ काढला. तो किर्खनरने ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात पाहिला आणि त्यावरून रेखाटने केली. सपाट रंगातही देहाला भरीवपणा कसा येतो, हे त्याने त्या चित्रांत शोधले.

१९३७ मध्ये नाझींनी ‘अधःपतित कला’ ठरवून त्याच्या सहाशेहून अधिक कलाकृती संग्रहालयांतून जप्त केल्या. पुढच्याच वर्षी त्याने स्वित्झर्लंडमध्ये आत्महत्या केली. ‘पोट्सडामर प्लाट्झ’ आता बर्लिनच्या नॉय नॅशनालगॅलरीच्या संग्रहात आहे. तिथून तो चौक पायी जाण्याच्या अंतरावर.