पर्यावरणपूरक कापडछपाई : लहान कपडे-उद्योगासाठी निवड

कमीत कमी घातक रसायने, पाणी आणि इंधन वापरून कापडावर नक्षी उमटवणे आणि वापरलेले पाणी शुद्ध केल्याशिवाय नाल्यात न सोडणे, याला पर्यावरणपूरक छपाई म्हणतात. यातला पाण्याचा भाग हमखास विसरला जातो. शंभर-दोनशे टी-शर्टांनी धंदा सुरू करणारे बहुतेक जण शाई कोणती, एवढेच विचारतात. छपाईवाल्याच्या मोरीतले पाणी पुढे कुठे जाते, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. रंगाई-छपाईच्या सांडपाण्याने तमिळनाडूतील तिरुपूरजवळची नोय्यल नदी इतकी नासली, की मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०११ मध्ये तिथले शेकडो रंगाई कारखाने बंद झाले. आपल्याकडे इचलकरंजीत पंचगंगेच्या प्रदूषणात कापडप्रक्रियेच्या सांडपाण्याचा वाटा आहेच.

पद्धत ठरते ती आधी कापडावरून. सुती टी-शर्टवर स्क्रीन छपाई (फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून नक्षी उमटवणे) सर्रास चालते आणि तिच्यात दोन प्रकारच्या शाया वापरतात. प्लॅस्टिसॉल शाईत पीव्हीसी या प्लॅस्टिकचे बारीक कण प्लॅस्टिक मऊ ठेवणाऱ्या तेलकट द्रवात मिसळलेले असतात. ती साध्या हवेत वाळत नाही, सुमारे १६० अंश सेल्सिअस उष्णता दिल्यावरच पक्की होते. त्यामुळे कारागीर जेवायला उठला तरी फ्रेमच्या जाळीत ती सुकून बसत नाही. ही सोय मोठी आहे, पण किंमतही मोठी. कापडावर प्लॅस्टिकचा पापुद्रा बसतो, फ्रेम पुसायला रासायनिक द्रावक लागतो आणि जुन्या धर्तीच्या शायांत थॅलेट्स ही प्लॅस्टिक मऊ करणारी, आरोग्याला घातक रसायने असतात. छपाईवर थेट इस्त्री ठेवली की पापुद्रा मऊ होऊन इस्त्रीला चिकटतो. शाई ओळखण्याची ही साधी खूण आहे.

पाण्यावर आधारित पिगमेंट शाई, म्हणजे पाण्यात रंगाचे बारीक कण असलेली शाई, धाग्यात मुरते. छापलेल्या जागेवरून बोट फिरवले तर कापडच हाताला लागते. ती जाळीत चटकन वाळते, म्हणून कारागिराला हात सतत चालता ठेवावा लागतो आणि मधूनमधून जाळीवर पाण्याचा फवारा मारावा लागतो. छापून झाल्यावर उष्णतेने रंग पक्का केला की कापड धुवावे लागत नाही. पाणी लागते ते मुख्यतः फ्रेम आणि स्क्वीजी (जाळीवरून शाई ओढण्याची रबरी पट्टी) धुवायला. फिकट सुती कापडावर एक-दोन रंगांची नक्षी हवी असेल, तर लहान उद्योगाने हीच पद्धत घ्यावी. मात्र ‘वॉटर-बेस्ड’ एवढे ऐकून थांबू नये. पिगमेंट छपाईची खळ, म्हणजे रंग मिसळण्याचा लगदा, घट्ट करायला रॉकेल फेटून घालण्याची जुनी रीत आहे आणि ते रॉकेल वाळवताना वाफ होऊन हवेत जाते. खळ कशाची आहे आणि बाइंडरमधून (रंग धाग्याला चिकटवणाऱ्या द्रव्यातून) फॉर्माल्डिहाइड हा घातक वायू सुटतो का, हे विचारून घ्यावे. गडद कापडाचा मूळ रंग उडवून छापण्याच्या डिस्चार्ज पद्धतीत उग्र वासाची रसायने लागतात आणि नंतर धुलाईही करावी लागते. ती टाळता येईल अशीच नक्षी आखलेली बरी.

धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रिअॅक्टिव्ह रंग सुतावर सुंदर उठतात, पण त्यांना युरिया, वाफ आणि भरपूर धुलाई लागते; शुद्धीकरण यंत्रणा नसलेल्या ठिकाणी हे काम देऊ नये. डिजिटल छपाईचे बळ म्हणजे मागणी आली की एकच नग छापता येतो, न खपलेला माल साचत नाही. सब्लिमेशनला (कागदावर छापलेली नक्षी उष्णतेने कापडावर उतरवण्याला) पाणी जवळजवळ लागत नाही, पण ती पॉलिएस्टरवरच टिकते आणि पॉलिएस्टर धुताना सूक्ष्म प्लॅस्टिक सुटते.

नैसर्गिक रंग म्हणजे आपोआप निर्मळ छपाई, ही समजूत तपासून घ्यावी लागते. कच्छच्या अजरख या पारंपरिक ठसेछपाईत हिरडा, तुरटी, नीळ, गूळ आणि गंजके लोखंड अशी ओळखीची द्रव्ये असतात, पण कापड पुन्हा पुन्हा धुवावे लागते. तिथे पाणी हाच कलेचा प्राण आहे. २००१ च्या भूकंपानंतर अजरखचे जुने गाव असलेल्या धमडक्याच्या पाण्यातले लोह वाढून रंग बिघडू लागले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या ही छपाई करणाऱ्या कित्येक खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसवले. असे कापड मोजकेच घ्यावे आणि त्याचा पूर्ण दाम द्यावा.

प्रमाणपत्रांचा अर्थही नीट समजून घ्यावा. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० या प्रमाणपत्रासाठी तयार कापडात घातक द्रव्ये आहेत का, एवढे तपासतात. त्यावरून कारखान्याच्या सांडपाण्याचे काही कळत नाही. गॉट्स (GOTS) या सेंद्रिय कापडाच्या जागतिक प्रमाणपत्राला किमान ७० टक्के सेंद्रिय तंतू लागतात, पीव्हीसीची छपाई चालत नाही आणि सांडपाण्याचाही हिशेब द्यावा लागतो. कर्करोगकारक अमाइन रसायने सोडणाऱ्या अॅझो गटातल्या कृत्रिम रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये आणि भारताने १९९७ मध्ये बंदी घातली. तरीही बिनबिलाचा सुटा रंग वापरणाऱ्याकडे काम देऊ नये.

ऑर्डर देण्याआधी एक नमुना छापून घेऊन घरी पाच-सहा वेळा धुवावा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावा. शक्यतो फ्रेम धुण्याच्या वेळी छपाईखान्यात जावे. चांगला कारागीर आधी जाळीवरची शाई पुठ्ठ्याने खरवडून डब्यात परत घेतो, मगच पाणी सोडतो. वेगवेगळ्या डब्यांतली उरलेली शाई एकत्र केली की करडा-तपकिरी रंग तयार होतो. कापडी पिशव्यांवर तो छान दिसतो.