पाच सेकंद की दहा मिनिटे

लहान मूल गरम पाण्याने पोळले की ‘आईचे लक्ष कुठे होते?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो, कारण लक्ष देण्यासाठी आईच्या हाती किती वेळ होता, हे तिच्या दक्षतेपेक्षा पाण्याचे तापमान अधिक ठरवते.

त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते, हे मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ मध्ये पद्धतशीरपणे मोजून प्रसिद्ध केले. ४४ अंश सेल्सिअसला गंभीर इजा होण्यास सुमारे सहा तास लागतात. त्यापुढे साधारण ५१ अंशांपर्यंत दर अंशामागे इजेचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. सहा तास पाच वेळा निम्मे करून पाहावेत. ४९ अंशांसाठी अकरा मिनिटे उरतात, आणि प्रत्यक्ष मोजमाप दहा मिनिटांच्या जवळपास आले होते. ६० अंशांना मात्र सुमारे पाच सेकंद पुरतात, आणि हे आकडे प्रौढांचे आहेत. बालकाची त्वचा पातळ असल्याने त्याला याहून कमी वेळ मिळतो.

साध्या रासायनिक अभिक्रियेचा वेग दुप्पट होण्यास दहाएक अंश लागतात, मग येथे एकच अंश का पुरावा? पेशीतील प्रथिने म्हणजे नेमक्या घड्या पडलेल्या लांब साखळ्या असून, त्या घड्या अनेक दुबळ्या बंधांनी धरलेल्या असतात. प्रथिन निकामी होण्यासाठी यांतले पुष्कळ बंध एकदमच सुटावे लागतात, म्हणून या क्रियेची सक्रियण ऊर्जा, म्हणजे क्रिया सुरू होण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा, प्रचंड असते; हेन्रिक्स यांच्या गणितात ती मोलमागे सुमारे ६२८ किलोज्यूल येते. सक्रियण ऊर्जा जितकी मोठी, तितका अभिक्रियेचा वेग तापमानातील लहानशा बदलानेही झपाट्याने पालटतो. पाण्याचे तापमान एका अंशाने घटवले तरी बचावाचा वेळ दुपटीने वाढतो, तो याच कारणाने.

म्हणूनच केवळ ‘मुलांना सांभाळा’ असे फलक लावणाऱ्या मोहिमांपेक्षा थर्मोस्टॅटला, म्हणजे हीटरचे तापमान ठरवणाऱ्या यंत्रणेला, हात घालणारे सामुदायिक कार्यक्रम मला अधिक शास्त्रीय वाटतात. नॉर्वेतील हार्स्टाड या गावी रुग्णालयातील अपघातांच्या नोंदी गावकऱ्यांपुढे ठेवण्यात आल्या, नळाच्या गरम पाण्याचे तापमान उतरवण्याचा आणि शेगडीभोवती संरक्षक कठडा बसवण्याचा आग्रह धरण्यात आला, आणि लहान मुलांच्या भाजण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने १९८३ मध्ये कायदाच केला, की घरगुती वापराचे नवे वॉटर हीटर ४९ अंशांवर लावूनच द्यावेत. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडणाऱ्या मुलांसाठी १९७२ पासून खिडक्यांना गज बसवण्याची मोहीम चालली, तीही याच विचाराची. ‘नशिबात असेल ते टळत नाही’ म्हणणाऱ्यांनी एवढाच विचार करावा, की स्क्रू आवळून गज बसवल्यावर नशीब कसे बदलते.

या उपायाला एक खरी अडचण आहे. साठवलेले पाणी कोमट राहिले, तर त्यात फुप्फुसांचा गंभीर दाह घडवणारे लेजिओनेला जिवाणू वाढू शकतात. त्यामुळे मोठ्या इमारतींत टाकीतील पाणी ६० अंशांवर ठेवून, नळाजवळ थंड पाणी आपोआप मिसळणारी झडप बसवणे हा अधिक चांगला मार्ग ठरतो. झडप बसवल्यानंतर नळाचे पाणी तापमापकाने मोजून पाहावे आणि ही तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करावी.